सशाचं डोकं आणि माझं मत

"अगं, मत द्यायचं तर तोंडी दे. लेखी दिलंस की लोक त्याची फाइल करतात," असं मोठ्या नणंदेने मला बजावलं होतं. ती न्यायालयात जुनी कागदपत्रं सांभाळते. माणसांनी काय काय लिहून ठेवलं आणि पुढे त्यांचं काय झालं, हे वीस वर्षं रोज बघते. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा ती लेखी देत नाही. मी म्हटलं, "ताई, मी काय साक्ष देतेय का? ॲनिमे मालिकांवर, त्या जपानी कार्टूनवर, चार ओळी लिहिल्यात." तिने माझा फोन घेतला आणि अंगठ्याने मजकूर वर सरकवत राहिली. बराच वेळ सरकवत राहिली. "चार?" म्हणाली, फोन परत दिला आणि चपला घालून गेली.

मी हसले होते. आता हसत नाहीये. हे मी रागाने लिहिते आहे, आणि ज्यांना शांत, समतोल, दोन्ही बाजूंचा विचार केलेलं काही वाचायचं असेल त्यांनी दुसरं काहीतरी घ्यावं.

आधी मी या मालिका कशा पाहिल्या ते सांगते, म्हणजे 'वेळ बरा मिळतो हो तुम्हाला' असं म्हणायला कुणाला जागा नको. आमची ढबू सव्वा वर्षाची आहे. दुपारी ती फक्त माझ्या डाव्या खांद्यावर झोपते, आणि तेही मी उभी असताना. मी बसायला गुडघे नुसते वाकवले तरी तिचा एक डोळा उघडतो. म्हणून फोन फ्रिजच्या माथ्यावर टेकवायचा, उजव्या कानात आवाज, डावा कान ढबूच्या श्वासासाठी राखीव (ती श्वास घेते आहे ना, हे दर दोन मिनिटांनी तपासावं लागतं, डॉक्टर म्हणतात गरज नाही, पण डॉक्टरांचं काय जातं), आणि फ्रिजसमोर डुलत राहायचं. अशा रीतीने मी चार मालिका, एकूण एकशे सात भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत उभ्याने पाहिले. खुर्चीत रेलून मतं बनवणारे पुष्कळ असतात. माझ्या मतांमागे पोटऱ्यांची दुखणी आहेत.

एक तारखेला मला कामावर परत रुजू व्हायचं होतं. औषधाच्या खोक्यात जो बारीक घड्यांचा कागद असतो ना, जो तुम्ही न वाचता फेकून देता, त्याची मुद्रितं मी तपासते. 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे' हे वाक्य मी सहा वर्षांत काही हजार वेळा वाचलं असेल. रजा आणखी वाढणार नाही, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. एक तारीख म्हणजे एक तारीख, नाहीतर माझ्या टेबलावर दुसरं कुणीतरी. सगळं त्या पाळणाघरावर अवलंबून होतं. आठ महिने यादीत थांबल्यावर ढबूला तिथे जागा मिळाली होती.

त्या पाळणाघरात 'सवयीचा पंधरवडा' नावाची पद्धत आहे. मूल आत खेळतं आणि आई बाहेरच्या व्हरांड्यात एका बुटक्या बाकावर बसते. मूल रडलं तर आईला ऐकू यावं, पण आईने आत जाऊ नये, अशी व्यवस्था. ही ज्याने कुणी शोधून काढली त्याला मूल नसणार, किंवा आई नसणार.

तर दुसऱ्याच दिवशी पालकांच्या गटावर संचालिकाबाईंचा संदेश आला. 'नव्या पालकांनी आपली ओळख द्यावी. अलीकडे वाचलेले, पाहिलेले काही असल्यास त्याविषयी मनमोकळे मत लिहावे.' मनमोकळे! हा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. बाकीच्या नव्या पालकांनी 'वाचनाची आवड आहे' एवढं लिहून दोन फुलं टाकली. मला बाकावर बसून दुसरं काम नव्हतं आणि सव्वा वर्षात मोठ्या माणसाने मला मत असं विचारलंच नव्हतं. मी लिहिलं.

पहिली मालिका घेतली तलवारवाल्याची. हा तरुण प्रत्येक वार करण्याआधी त्या वाराचं नाव ओरडून सांगतो. समोरच्याला आधी कल्पना द्यावी, ही सभ्यता मला कळते. पण सांगायला सहा मिनिटं? आणि समोरचा राक्षस उभा राहून ऐकतो! माझं अर्धं वाक्य ऐकायला माझ्या घरात कुणी थांबत नाही. दहापैकी चार.

दुसरी, जग वाचवणाऱ्या शाळकरी मुलाची. सोळा वर्षांचं पोर, आठवडाभर शाळेत नाही, रक्ताने माखलेला सदरा, आणि घरून एक फोन नाही. का? तर आई पहिल्याच भागात, चौथ्या मिनिटाला, गोड हसून मेलेली. मी मागे जाऊन तपासलं. चारपैकी तीन मालिकांत आई पहिल्या भागातच संपते. त्याशिवाय यांची कथा हलतच नाही! त्या बाईने सोळा वर्षं काय केलं, तिला काही आवडत होतं का, याला जागा नाही. ती मेली की पोराचे केस वाऱ्यावर उडायला मोकळे. दहापैकी दोन, आणि तेही रंगकामासाठी.

तिसरी दीपगृहातल्या मुलीची. बारा भाग आणि घडत काहीच नाही. एका भागात ती चार मिनिटं एक ताट धुते. मी ती चार मिनिटं डुलायची थांबले, ढबू जागी झाली, तरी मला राग आला नाही. दहापैकी नऊ.

आणि चौथी ती सशांची. इथे मी जे लिहिलं ते जसंच्या तसं देते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर झालं. मी लिहिलं: 'चित्रं गोड, रंग हलके, सशांचं गाणं तर तोंडातून जात नाही. अगदी लहान मुलांसाठीच केल्यासारखी मालिका. पण तशी ती अजिबात नाही. पहिली अकरा मिनिटं फसवणूक आहे. मुलांना चुकूनही दाखवू नये.'

मी हा भाग, का कोण जाणे, सगळ्यात वर टाकला. आणि गटावर लांब संदेश आला की फोन पहिल्या काही ओळी दाखवतो आणि खाली निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा' म्हणतो. ते 'पुढे वाचा' नेमकं कुठे आलं असेल? 'केल्यासारखी मालिका'च्या पुढे.

पुढे कुणी वाचलं नाही. चौदा पालक, शिकलेले सगळे, एकानेही बोट लावलं नाही. वर सात अंगठे आणि एक 'खूप छान'.

शुक्रवारी दुपारी मुलं झोपेनात. संचालिकाबाईंनी पाळणाघरातल्या मावशींना फर्मान सोडलं, "त्या नव्या आईने सुचवलेली सशांची मालिका लावा." अकरा मिनिटं म्हणे टाचणी पडली तरी ऐकू आली असती. बाराव्या मिनिटाला मोठ्या सशाने दोन्ही पंजांनी स्वतःचं डोकं गोल फिरवलं, काढलं आणि फडताळावर ठेवलं. डोकं तिथून हसलं.

मुलं घाबरली असती तर गोष्ट सोपी होती. मुलं खूश झाली! संध्याकाळपर्यंत पाळणाघरातल्या सगळ्या बाहुल्यांची मुंडकी फडताळावर ओळीने मांडलेली होती. घरी जाऊन एकाने काकांची टोपी काढली आणि पुढचंही निघेल म्हणून केसांना लोंबकळला. एक मुलगी आजोबांसमोर बसून शांतपणे, वारंवार, "डोकं काढा ना," म्हणत राहिली. ढबू तर माझी हनुवटी धरून झाकण उघडावं तशी फिरवून बघायला लागली.

गटावर जो आगडोंब उसळला त्यात 'बेजबाबदार' हा शब्द मी नऊ वेळा मोजला. मी लिहिलं, 'कृपया माझा संदेश पूर्ण वाचावा.' त्यावर एका बापाने लिहिलं, 'आता आणखी वाचायला लावू नका.' सोमवारी पत्र आलं. चौकशी होईपर्यंत ढबूचा प्रवेश स्थगित. एक तारखेला चौदा दिवस उरले होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारचे निवृत्त टंकलेखक काका म्हणाले, "उलट तक्रार ठोका! तीन प्रती. मी स्वतः टंकून देतो." आणि आठ वर्षं झाकून ठेवलेलं यंत्र बाहेर काढून त्यांनी 'सविनय'पर्यंत मजल मारली, तिथे फीत संपली. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, "मला काही म्हणायचं नाही हो, पण सात बाहुल्या आल्यात माझ्याकडे मुंडकी शिवायला. एकीचं मी घाईत उलटं शिवलं." नवरा म्हणाला, "सॉरी म्हणून टाक ना, विषय संपव."

"कशाबद्दल सॉरी?"

"सर्वसाधारण."

"तू वाचलंस का मी लिहिलेलं?"

"चाळलं."

त्या दिवशी मी त्याच्याशी थेट बोलले नाही. ढबूमार्फत बोलले.

चौकशी समिती तिघांची. एक दातांचे डॉक्टर, त्यांचा मुलगा तिथे असतो. दुसऱ्या, चिटणीस म्हणून, स्वतः संचालिकाबाई. म्हणजे ज्यांनी लावायला सांगितलं त्याच नोंदी घेणार! आणि अध्यक्ष, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, त्यांना सगळे मापारी म्हणतात. त्यांचंच डोकं नात मागत होती. बैठक मुलांच्या खोलीत, मुलांच्या खुर्च्यांवर. चारही माणसांचे गुडघे कानाशी. अशा अवस्थेत माणसाला गंभीरपणे दोषी ठरवता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य वाचा, मी जाते."

मापारी म्हणाले, "एक वाक्य वाचून निर्णय देणं बरोबर नाही. संदर्भ पाहिजे. मतात उल्लेख असलेलं सर्व साहित्य समिती पाहील."

"एकशे सात भाग आहेत, आजोबा."

"मी पस्तीस वर्षं तराजू तपासलेत, बाई. एका पारड्याकडे बघून सही केली नाही कधी."

मला एक तारखेला कामावर जायचं आहे, हे मी दोनदा सांगितलं. संचालिकाबाईंनी ते नोंदवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मावशी उभ्या होत्या. या मावशी पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मुलांशी त्या 'अहो जाहो'ने बोलतात. 'अहो साहेब, बूट कोण घालणार?' म्हटलं की साहेब बूट घालतात. सवयीच्या पंधरवड्यात मी बाकावर तळमळत असताना दर थोड्या वेळाने दारातून डोकावून 'खेळतायत बाईसाहेब' एवढं सांगून जायच्या. तेवढ्यावर मी श्वास घेत होते. आता त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं मी सगळं वाचलं होतं. बाईंच्या फोनवर. ते निळं दाबून."

"सगळं?"

"दोनदा. ते आयांचं लिहिलंय ना, ते बरोबर आहे. मला सांगा, आई मेल्यावर त्या पोराचे कपडे कोण धुतं? रोज पांढराशुभ्र सदरा!"

मला रडू येईल की काय असं वाटलं. एकशे सात भाग पाहून मला हा प्रश्न पडला नव्हता.

"आणि मी बाईंना म्हटलं होतं," मावशी म्हणाल्या, "की खाली लिहिलंय मुलांना दाखवू नका म्हणून. बाई म्हणाल्या, तुम्ही लावा हो, मला शिकवू नका."

"मावशी, हे समितीपुढे सांगाल?"

त्यांनी चष्मा नीट केला. "खरंय तर सांगते की."

मी घरी गेले ती हवेतच. मावशींचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी, जी ढबू शिंकली तर तीन शक्यतांचा विचार करते, त्या मला हा विचार आला नाही.

दुसरी बैठक सहा दिवसांनी. समितीचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं निकाल देतील. डॉक्टरांनी सुरुवात केली, "त्या तलवारवाल्याचा सहाव्या भागात पुढचा दात पडतो. सातव्यात परत आहे. वय सतरा! हे तुम्ही लिहिलं नाहीत."

"डॉक्टर, माझ्या मुलीचा प्रवेश..."

"त्यावर येऊ. पण चार गुण जास्त होतात त्याला."

मग मापारी. त्यांनी वही उघडली. "दीपगृहाला दहापैकी नऊ. उरलेला एक कुठे गेला?"

मी म्हणणार होते, जाऊ द्या. पण प्रश्न मताचा होता. "शेवटच्या भागात बोट येते. यायला नको होती."

"यायला नको?" मापारी खुर्चीतून उठले, खुर्ची त्यांच्यासोबत उठली. "बारा भाग ती पोरगी वाट बघते आणि बोट यायला नको?"

"ती वाट बघण्याचीच मालिका आहे! बोट आल्यावर काय उरलं?"

"बोट उरली!" त्यांचा आवाज कापत होता. "तुम्ही तरुण आहात. तुम्हाला बोट न येणं आवडतं. मला विचारा."

आम्ही पाऊण तास भांडलो. मी कुणाही परक्या माणसाशी इतकी मोठ्याने बोलले नव्हते, आणि मला सांगायला लाज वाटते की त्या वर्षातला तो माझा सगळ्यात चांगला पाऊण तास होता. शेवटी संचालिकाबाईंनी नोंद वाचली: 'दीपगृहाच्या गुणांबाबत मतभेद. प्रवेशाचा विषय पुढील बैठकीत.'

पुढची बैठक शुक्रवारी. एक तारीख सोमवारी. नवऱ्याला काम होतं, म्हणून ढबूला घेऊनच गेले, ती झोपेला आलेली. व्हरांड्यात मावशींनी तिला माझ्याकडून घेतलं.

मावशींना आधी बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू आलं. त्यांनी जे घडलं ते सांगितलं, चार वाक्यांत, आवाज न चढवता. मग संचालिकाबाईंचा आवाज, "मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही." मावशी ढबूला कडेवर घेऊन बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या.

मग मला आत घेतलं. कागद तयार होता. संचालिकाबाईंनी तो माझ्यापुढे सरकवला. 'सदर मालिका कर्मचाऱ्याकडून, सूचनेशिवाय, अनवधानाने लावली गेली. पालकांचा यात दोष नाही. वरील तपशील पालकांना मान्य आहे. सोमवारपासून प्रवेश पूर्ववत.'

"पण त्या तर म्हणाल्या..."

"दोन वेगवेगळी म्हणणी आहेत," डॉक्टर म्हणाले. "कुठेतरी थांबायला हवं ना. तुमचं तर काम झालं."

मी मापारींकडे पाहिलं. ते वही बंद करून तिच्या पुठ्ठ्याकडे बघत होते. पस्तीस वर्षं तराजू तपासलेला माणूस!

दाराच्या काचेतून मला बाक दिसत होता. मावशी बसलेल्या होत्या. बसलेल्या! आणि ढबू त्यांच्या मांडीवर, तोंड उघडं टाकून, गाढ झोपलेली होती.

आता मी काय केलं ते सांगते. मी तो कागद शेवटपर्यंत वाचला. वाचणं हे माझं काम आहे. 'सूचनेशिवाय' या शब्दावर माझी नजर थांबली आणि तो खोटा आहे हे मला माहीत होतं. मग मी पेन घेतलं, दोन ठिकाणी चुकलेल्या वेलांट्या सुधारल्या आणि सही केली.

सोमवारी ढबूला सोडायला गेले तेव्हा दारात दुसरी बाई होती. तरुण, हसतमुख. "मावशी?" मी विचारलं. संचालिकाबाई आतूनच म्हणाल्या, "त्यांनी स्वतःहून यायचं बंद केलं." स्वतःहून! गटावर मी विचारलं, कुणाला मावशींची काही खबर आहे का. त्यावर चर्चा सुरू झाली ती दीपगृहाची; डॉक्टरांच्या बायकोनेही ती आता पाहिली आहे आणि तिच्या मते दहापैकी सात. माझं रक्त उकळतं. ती बाई तिथे अकरा वर्षं होती. त्यांच्या मुलांना तिने बूट घालायला शिकवलं.

सहीच्या कागदावरचा मजकूर मला मान्य नाही, तो खोटा आहे, असं मी समितीला लेखी कळवलं आहे. होय, लेखीच. कळवायला मला एकोणीस दिवस लागले, हेही त्यात लिहिलं. ढबूचा प्रवेश पुन्हा जाईल, माझं टेबलही जाईल कदाचित. नवऱ्याने या वेळी पूर्ण वाचलं आणि म्हणाला, "पाठव." उत्तर आलेलं नाही. मापारी एकदा रस्त्यात भेटले. मला बघून पलीकडच्या बाजूला गेले.

मावशींच्या घरी मी तीनदा जाऊन आले. फोन त्या घेत नाहीत. बस आगाराच्या मागे सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या बाजूने लोखंडी जिना वर जातो. वरचं हिरवं दार. तिन्ही वेळा मी वाजवलं. तिसऱ्या वेळी आत कुणीतरी चालत दारापर्यंत आलं, फटीतून उजेड झाकला गेला, आणि मग पावलं परत गेली. सायकलवाला म्हणतो, दोन आठवडे खाली उतरलेल्या दिसल्या नाहीत. त्यांचा मुलगा दूर असतो. जेवतात की नाही, बऱ्या आहेत की नाही, मला माहीत नाही. आणि मला पाहून त्या दार उघडणार नाहीत, हे मला आता कळलं आहे.

म्हणून तुम्ही जा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला राहत असाल, कामाला जाता-येता तिथून जात असाल, तर तो जिना चढा. दार वाजवा, थांबा, परत वाजवा. त्या कशा आहेत ते बघा आणि मला कळवा. मी पाठवलंय असं आधी सांगू नका. त्यांनी आत बसायला सांगितलं, तर मग सांगा.